जुन्या फायबर बोटीच्या कॉकपिटचे ड्रेन आणि खालचे पाईप बदलायचेत, कुठून सुरुवात करू?

खाडीकाठचा:

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसतं वाचत होतो, आज स्वतःचं रडगाणं घेऊन आलोय. आमच्याकडे २४ फुटी फायबरची जुनी बोट आहे, मुंबईहून सेकंडहँड आणलेली, मूळची हौशी गरीवाल्यांसाठी बनवलेली म्हणजे मध्ये स्टिअरिंग, मागे चौकोनी मोकळं कॉकपिट आणि ट्रान्समवर, म्हणजे मागच्या सपाट भिंतीवर, आउटबोर्ड मोटर. देवगडच्या खाडीत बांधलेली असते. सीझनला गरीला येणारे पर्यटक नेतो, एरवी घरच्यापुरती सुरमई-तांबोशी.

कॉकपिटच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत ड्रेन आहेत, तिथून डेकच्या खालून पाईप जाऊन ट्रान्सममधून पाणी बाहेर पडतं, निदान पडायला पाहिजे. हल्ली डाव्या कोपऱ्यात पाणी तुंबून राहतं, त्यात आमिषाचे तुकडे आणि खवले, वास विचारू नका. आणि रोज सकाळी बोटीवर गेलो की बिल्जमध्ये, म्हणजे डेकखाली बोटीच्या तळाशी, पाणी असतंच, पंप चालू करून उपसायचं आणि मग निघायचं. बाहेरून बघितलं तर डाव्या ड्रेनच्या प्लॅस्टिक फिटिंगची कॉलर गोलाकार तडकलीय, नखाने दाबली तर भुगा पडतो. आतला पाईप बॅटरीच्या दारातून हात घालून जेमतेम बोटाला लागतो, दगडासारखा कडक झालाय.

मेकॅनिकला दाखवलं तर म्हणतो दोन्ही भोकं फायबर मारून बुजवून टाक, डेकवरचं पाणी बिल्जमध्ये सोड आणि मोठा पंप बसव, झंझटच नको. मला ते काही पटत नाहीये पण का पटत नाही ते सांगता येत नाहीये. १ जूनपासून मासेमारीची बंदी लागली की बोट वर काढणारच आहे तेव्हा काम उरकायचंय. पाईप कुठला घ्यायचा, फिटिंग प्लॅस्टिकचं की गनमेटलचं (तांबं-कथलाच्या धातूचं), आणि मुख्य म्हणजे डेक न फोडता तो जुना पाईप काढायचा कसा?

तांडेल_वेंगुर्ला:

अरे बाबा, पयली गोष्ट म्हणजे भोकां बुजवू नको. मेकॅनिकाक सांग तुझ्या घराची पागोळी बुजव आणि माजघरात पंप बसव.

हिशोब साधा आहे. कॉकपिट धर २ मीटर बाय ३ मीटर, म्हणजे ६ चौरस मीटर. एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे जूनमध्ये काही विशेष नाही. ६०० लिटर पाणी झालं. ते ड्रेनमधून आपोआप जातं म्हणून त्याला सेल्फ-ड्रेनिंग म्हणतात, ना बॅटरी लागते ना पंप आपोआप चालू करणारा फ्लोट स्विच. बिल्जमध्ये सोडलंस तर बॅटरी उतरेपर्यंत पंप चालणार आणि नंतर सकाळी बोट शोधायला पाणबुडे. आणि समुद्रात मागून एखादी लाट आत आली तर? पंप उपसेपर्यंत दुसरी येते.

आता दुसरी गोष्ट. पाईप विकत घेण्याआधी पाणी येतंय कुठून ते नक्की कर. तडकलेली कॉलर दिसली म्हणून तीच चोर असं नाही. उधाणाच्या भरतीला बोट वाळूवर घे, ओहोटीला कोरडी बसली की बाहेरून ड्रेनच्या तोंडाला लाकडी बूच ठोक, कपड्याची नीळ बादलीभर पाण्यात कालव आणि वरून एका कोपऱ्यात ओत. बिल्जमध्ये निळं पाणी आलं तर तो पाईप गेला. मग दुसऱ्या कोपऱ्यात तेच, पण आधी बिल्ज पुसून कोरडं करून घे नाहीतर कुठलं निळं कुठल्या बाजूचं ते कळणार नाही. दोन्हीकडून काहीच आलं नाही तर खालचा ड्रेन प्लग, ट्रान्सड्यूसरचं (पाण्याची खोली मोजणाऱ्या सेन्सरचं) भोक, मोटरचे बोल्ट, तिकडे बघ.

आणि बोट पाण्यात उभी असताना, कोणी आत नसताना, ड्रेनची तोंडं पाण्याच्या वर आहेत की खाली? हे सांग आधी.

फायबरवाला_रत्नागिरी:

तांडेलांनी बरोबर सांगितलंय, नीळ टाकून बघाच. मी फायबरच्या कामातला माणूस आहे म्हणून त्या बाजूने लिहितो, लांबेल जरा.

तुमच्या ट्रान्सममध्ये आत लाकूड असणार, बहुतेक प्लाय, बाहेरून आणि आतून फायबरचं कातडं आणि मध्ये प्लाय. बोट बनवणाऱ्याने होल सॉ मारून भोक पाडलं, प्लॅस्टिकचं फिटिंग घातलं, बाजूने जरा सीलंट फासलं आणि चेकनट आवळला, प्लायची कापलेली कड तशीच उघडी. जोपर्यंत सीलंट धरून आहे तोपर्यंत ठीक. कॉलर तडकली की खारं पाणी थेट प्लायमध्ये. वरून रंग चकचकीत आणि आत चहात बुडवलेलं बिस्कीट. त्यामुळे पाईप बदलणं हे अर्धंच काम आहे, फिटिंग काढल्यावर भोकाच्या कडेत स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, लाकूड कडक आणि पिवळसर असेल तर नशीब, काळं आणि मऊ असेल तर स्क्रूड्रायव्हर नुसता आत जातो, पाणी पण गळतं कधीकधी. मग हातोडीच्या दांड्याने ट्रान्सम ठोकत जा, कडक भागावर आवाज टणक येतो, कुजलेल्या भागावर बद्द. बद्द आवाज मोटरच्या बोल्टपर्यंत गेला असेल तर मग ड्रेन वगैरे विसरा, आधी ट्रान्सम.

भोकाभोवती दोन-तीन इंचच खराब असेल तर असं करतात. बाहेरच्या फायबरला हात न लावता, खिळा वाकवून ड्रिलमध्ये लावायचा आणि भोकातून आतलं कुजलेलं लाकूड गोल खरवडून काढायचं. नंतर सुकवायचं. सुकवायचं म्हणजे एक दुपार नाही, बल्ब लावून, पंखा लावून जितके दिवस लागतील तितके. मग पातळ एपॉक्सी ब्रशने लाकडाला पाजायचं, आणि ते चिकट असतानाच एरोसिल पावडर घालून घट्ट केलेलं एपॉक्सी ठासून भरायचं. बाहेरून टेप मारायची म्हणजे ओघळत नाही. कडक झाल्यावर त्या भरावातच नवीन भोक पाडायचं, म्हणजे पुन्हा कधी फिटिंग गळलं तरी पाणी लाकडाला शिवत नाही.

इथे एपॉक्सीच वापरा, आपलं नेहमीचं पॉलिएस्टर रेझिन नाही. पॉलिएस्टर जुन्या लाकडाला नीट धरत नाही आणि दमट हवेत वरून चिकट राहतं. एपॉक्सी उन्हात वाटीतच गरम होऊन धूर सोडायला लागतं, एका वेळी थोडंच कालवा आणि पसरट भांड्यात ठेवा. आणि जे पॉलिएस्टर वापरतात त्यांच्यासाठी, सगळ्यांना माहीत असलं तरी लिहितो, हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर कडक करायला घालतात ते) एकमेकांत थेट कधीही मिसळायचं नाही, आधी कोबाल्ट रेझिनमध्ये ढवळून घ्यायचं मग हार्डनर. थेट मिसळलं तर पेट घेतं, स्फोट पण होतो.

आणखी एक, बंदी लागल्यावर काम करू म्हणताय पण तोपर्यंत पाऊस येतो. लाकूड सुकवायचं काम मे महिन्यातच करा, ऊन फुकट आहे. पावसात झाप घालून शाकारलेल्या बोटीत लाकूड सुकत नाही, उलट ओलं होतं.

खाडीकाठचा:

सगळ्यांचे आभार. कालच्या ओहोटीला नीळ टाकून बघितली आणि डोकंच फिरलं.

डाव्या कोपऱ्यात ओतलं, बिल्जमध्ये निळं आलं, अपेक्षित होतं. उजव्या कोपऱ्यात ओतलं, तिथला पाईप तर बोटाला धड लागत होता, तरी बिल्जमध्ये निळं पाणी, आणि ते पाईपच्या बाजूने नाही तर चक्क बिल्ज पंपाच्या तोंडातून बाहेर येत होतं! मोबाईल आत घालून व्हिडिओ काढला तेव्हा कळलं की आधीच्या कोणीतरी पंपाचा पाईप बाहेर काढायला वेगळं भोक न पाडता उजव्या ड्रेनच्या पाईपमध्ये टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, मारून जोडलाय. म्हणजे पंप पाणी टाकतो ते ड्रेनमध्ये, आणि ड्रेनमधलं पाणी उलटं पंपातून बिल्जमध्ये.

आणि तांडेल, तुमचा प्रश्न. बोट नुसती उभी असताना ड्रेनची तोंडं पाण्याच्या साधारण चार बोटं खाली आहेत. पूर्वीच्या रंगाची रेघ बघितली तर ती ड्रेनच्या खाली दिसते, म्हणजे मूळ बोट एवढी बसत नव्हती. आधीच्या मालकाने टू-स्ट्रोक मोटर काढून तिच्यापेक्षा जड फोर-स्ट्रोक लावलीय, शिवाय मागे दोन बॅटऱ्या आणि बर्फाची मोठी पेटी पण मागेच.

तांडेल_वेंगुर्ला:

मगे काय, सापडलो चोर. म्हणजे तुझ्या बोटीत समुद्र रोज रात्री पंपाच्या वाटेने घरात येत होता, आणि तो अख्खा येत नव्हता कारण पाईप कचऱ्याने अर्धा तुंबला होता. तुंबलेला ड्रेन साफ केला असतास तर बोट बुडाली असती.

मरीन_पाना:

मी मुंबईत बोटींच्या इंजिन-पाईपच्या कामात आहे. टी बद्दल आधी, कारण हे प्रकरण मी बऱ्याच जुन्या बोटींत बघतो. बिल्ज पंपाला नॉन-रिटर्न, म्हणजे पाणी एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व्ह, नसतो, पंख्याचा साधा सेंट्रिफ्यूगल पंप असतो, बंद असला की दोन्ही बाजूने पाणी जातं. त्याचं आउटलेट कायम स्वतंत्र, पाण्याच्या रेषेच्या जितकं वर मिळेल तितकं वर, आणि आत पाईपला आउटलेटच्याही वर एक वळसा देऊन मग खाली आणायचा. टीमध्ये नॉन-रिटर्न टाकून भागेल का असं विचारणार असाल तर नाही भागणार, त्याच्या फ्लॅपमध्ये एक खवला अडकला की संपलं.

किती पाणी येऊ शकतं याचा अंदाज असावा म्हणून सांगतो. ३८ मिलिमीटरचं, म्हणजे दीड इंची भोक पाण्याखाली १० सेंटीमीटर असेल तर मिनिटाला साधारण ५५-६० लिटर आत येतं, ३० सेंटीमीटर खाली गेलं तर १०० लिटरच्या आसपास. डब्यावर ११०० गॅलन लिहिलेला पंप कागदावर तासाला ४१६४ लिटर, म्हणजे मिनिटाला ६९ लिटर टाकतो, पण ते पाईप न लावता, फुल्ल व्होल्टेजवर. मीटरभर वर उचलायचं, वळणं, उतरलेली बॅटरी, हे सगळं धरलं की बरंच कमी. थोडक्यात, बोट जशी बसते तसा पाण्याचा जोर वाढतो आणि पंप हरतो. मोठा पंप हा मेकॅनिकचा इलाज म्हणूनच खोटा आहे.

आता पाईप. पन्हाळी पत्र्यासारखा घड्याघड्यांचा पातळ बिल्जचा पाईप मिळतो तो अजिबात नको, निपलवर (फिटिंगच्या ज्या नळीवर पाईप चढवतात तिच्यावर) घट्ट बसत नाही आणि घड्यांमध्ये घाण साठते. शेतीच्या सक्शनचा हिरवा पीव्हीसी पाईप आपल्याकडे सगळे वापरतात, स्वस्त आहे, पण डेकखालच्या उष्णतेत काही वर्षांत तुमच्या जुन्यासारखाच दगड होतो. आतून गुळगुळीत, कापडाचे थर आणि तारेची गुंडाळी असलेला मरीन एक्झॉस्टचा रबरी पाईप घ्या, महाग आहे पण पाण्याच्या रेषेखाली जे काही जातं तिथे कंजूसपणा नको. कापलेल्या टोकाला तार उघडी राहते, तिथे सीलंटचं बोट फिरवा म्हणजे तार आतून गंजत जात नाही.

साइझ बघून घ्या. जुन्या बोटींत बऱ्याचदा १ इंची टाकलेले असतात, दीड इंची केला तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि कचरा अडकायचं प्रमाण खूपच कमी होतं. पण मग वरचं फिटिंग, ट्रान्समचं भोक सगळं मोठं करावं लागेल, अर्धवट करू नका. मध्ये रिड्युसर टाकला की तिथेच सुरमईचं पोट अडकणार.

फिटिंग. पाण्याखाली येणारं असेल तर साधं पांढरं नायलॉनचं नको, उन्हाने ते ठिसूळ होतं, तुमच्याकडे दिसतंयच. गनमेटल घ्या किंवा काचेचे तंतू घातलेलं मरीन नायलॉन. नळाच्या दुकानातलं पितळ मात्र नको, सारखंच पिवळं दिसतं म्हणून लोक घेतात. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं, उरलेलं गुलाबी आणि भुसभुशीत होतं, पकडीने धरलं तर तुकडा हातात.

क्लिपा प्रत्येक टोकाला दोन-दोन, स्क्रूची डोकी विरुद्ध दिशेला. पण आधी निपलची लांबी बघा, आखूड निपलवर दुसरी क्लिप मारली तर ती निपलच्या पलीकडे पडते आणि पाईप कापते, तिथे एकच चांगली मारा. विकत घेताना खिशात चुंबक ठेवा. बऱ्याच स्वस्त क्लिपांची पट्टी स्टेनलेसची असते आणि स्क्रू साधा लोखंडी, वरून चकाकी दिलेला. स्क्रूला चुंबक खाटकन चिकटला की परत ठेवून द्या.

जर्सीकर:

इथे न्यू जर्सीत, बार्नेगॅट बे मध्ये माझी असलीच एक जुनी बोट आहे, मूळ गाव अलिबागकडचं त्यामुळे धागा वाचून राहवलं नाही. तुम्ही विचारलेल्या एका गोष्टीचं उत्तर अजून कोणी दिलं नाहीये, डेक न फोडता पाईप कसा काढायचा.

दोन्ही टोकांच्या क्लिपा काढल्यावर पाईप ओढू नका, निपल मोडतं. निपलवरचा जो पाईपचा भाग आहे तो लांबीच्या दिशेने ब्लेडने चिरा आणि साल काढतो तसा उलगडा. निपल ठेवणार असाल तर ब्लेड खोल जाऊ देऊ नका, तिथे ओरखडा गेला की नवीन पाईप तिथूनच झिरपतो. मग सगळ्यात महत्त्वाचं, जुन्या पाईपच्या एका टोकाला मजबूत नायलॉनची दोरी बांधा आणि दुसऱ्या टोकाने ओढून काढा, दोरी पाईपच्या वाटेवर राहते, त्याच दोरीला नवीन पाईप बांधून परत ओढायचा. गाठीवर टेप गुंडाळा नाहीतर ती कुठेतरी स्ट्रिंगरच्या (डेकखालच्या लांब आडव्या टेकूच्या) भोकात अडकते आणि मग तुम्ही पोटावर झोपून देवाचं नाव घेता.

नवीन पाईप निपलवर चढत नाही म्हणून सगळे हीट गन काढतात. पेट्रोलची टाकी डेकखाली असेल तर हीट गन, लायटर असलं काही आत नेऊ नका, पेट्रोलची वाफ जड असते, खालीच बसते. थर्मासमध्ये कडकडीत पाणी न्या, पाईपचं टोक त्यात मिनिट-दोन मिनिटं बुडवा, निपलला भांडी घासायचा लिक्विड साबण लावा, फिरवत दाबा. तेल-ग्रीस नको.

हात पोचत नसेल तर डेकला ६ किंवा ८ इंची गोल इन्स्पेक्शन झाकण बसवा, ते पुढेही उपयोगाचं आहे. कापण्याआधी खाली टाकी, वायर, स्ट्रिंगर नाही ना ते बॅटरीच्या दारातून मोबाईलने बघा, आणि कापल्यावर डेकच्या प्लायची कडही वर फायबरवाल्यांनी सांगितलंय तशी एपॉक्सी पाजून बंद करा.

पाईपला ड्रेनपासून ट्रान्समपर्यंत सलग उतार पाहिजे, मध्ये पोट सुटलं की पाणी आणि खवले तिथेच राहतात. आमच्याकडे त्या पोटातलं पाणी हिवाळ्यात गोठून पाईप फुटतो, तुमच्याकडे गोठणार नाही पण वास तरी येईल.

तोंडं पाण्याखाली आहेत म्हणताय तर बाहेरून चेंडूचं स्कपर लावता येईल, पिंजऱ्यात हलका चेंडू असतो, बाहेरून पाणी ढकललं की भोकावर बसतो. रबरी फ्लॅपपेक्षा मला ते बरं वाटतं. पण खरा इलाज मागचं वजन कमी करणं हाच. अमेरिकेत एबीवायसी नावाच्या संस्थेचा एच-२७ म्हणून एक स्टँडर्ड आहे, पाण्याखालच्या सीकॉकच्या (बोटीच्या अंगातलं भोक बंद करायच्या कॉकच्या) आतल्या टोकाला ५०० पौंडाचा, म्हणजे सुमारे २२७ किलोचा भार ३० सेकंद दिला तरी तो टिकला पाहिजे असं त्यात आहे. नायलॉनच्या ड्रेनवर चुकून पाय पडला तर काय होईल याचा विचार करा.

दर्याचा_शिलेदार:

एवढं सगळं करण्यापेक्षा पाईपच काढून टाका की. कॉकपिटच्या कोपऱ्यापासून ट्रान्समपर्यंत अंतर किती, फूटभर? फायबरची नळी दोन्ही बाजूला लॅमिनेट करून बसवा, क्लिप नाही, निपल नाही, रबर नाही, आयुष्यभराची कटकट गेली. आमच्याकडच्या नवीन बोटी अशाच येतात.

फायबरवाला_रत्नागिरी:

शिलेदार, कल्पना चांगली आहे आणि अंतर कमी आणि सरळ असेल तर मीही तेच करतो. पण नवीन बोटीत डेक आणि हल (बोटीचं खालचं अंग) एकत्र बांधलेले असतात. जुन्या बोटीत डेक आणि ट्रान्सम लाटेवर थोडे वेगवेगळे हलतात, कडक नळी दोघांना धरून ठेवते आणि डेकच्या बाजूचा जोड बारीक तडकतो. तो तडा दिसत नाही. पाईप निदान हात लावून तपासता येतो. खाडीकाठच्यांनी आधी ट्रान्सम किती कडक आहे ते सांगावं मग ठरवू.

आणि सीलंटचं कोणी बोललं नाही. पॉलियुरेथेनचं घ्या, सिकाफ्लेक्स २९१ सारखं. ते हवेतल्या ओलाव्यानेच सुकतं त्यामुळे आपल्याकडे अडचण नाही, फक्त लावायची जागा कोरडी आणि ॲसिटोनने पुसलेली पाहिजे. बाथरूमचं सिलिकॉन ट्रान्समच्या आसपास आणूसुद्धा नका, एकदा लागलं की त्या जागेवर पुढे ना रंग बसतो ना रेझिन. थ्रीएमचं ५२०० काही लोक आणवतात, पण ते कायमचं चिकटवायला आहे, उद्या फिटिंग काढायचं झालं तर ट्रान्समचं कातडं घेऊन निघेल. चेकनट पहिल्यांदा हातानेच, सीलंट सगळीकडून सारखं बाहेर दिसेपर्यंत, मग पान्याने थोडंसं. सगळा जोर लावून आवळलं तर सीलंट पूर्ण बाहेर येतं आणि आत काहीच राहत नाही.

खाडीकाठचा:

अपडेट देतो. बोट मे महिन्यातच वर घेतली, फायबरवाल्यांचं ऐकून. डावं फिटिंग काढताना कॉलर हातातच आली. आतलं लाकूड भोकाभोवती काळं होतं, स्क्रूड्रायव्हर दोन इंचांपर्यंत जात होता, त्यापुढे टणक. उजवीकडे जवळजवळ चांगलं. मोटरच्या बोल्टपर्यंत ठोकून बघितलं, सगळीकडे टणक आवाज, घरच्यांनी पण ऐकला म्हणजे माझ्या कानाचा भ्रम नाही.

खरवडून, सुकवून, एपॉक्सी भरून झालंय. कापलेला जुना पाईप बघण्यासारखा होता, अर्ध्याहून जास्त भाग खवले, नायलॉनच्या दोऱ्याचे गुंते आणि एक अख्खा गरीचा हूक, आणि बाहेरून जिथे क्लिप बसलेली होती तिथे खालच्या बाजूने लांब चीर. क्लिपचा स्क्रू गंजून गेला होता, पट्टी मात्र नवीकोरी चकचकीत, मरीन_पाना म्हणाले तस्संच.

पाईप रबरीच घेतला, दीड इंची, दोन्हीकडे. फिटिंग गनमेटल. टी काढून टाकला, पंपाला वरच्या बाजूला वेगळं भोक, वळसा देऊन. एक बॅटरी स्टिअरिंगच्या खाली पुढे नेली, वायर लांब झाली म्हणून जाड टाकली. बर्फाची पेटी पण पुढे सरकवतोय, पर्यटक कुरकुर करतील कारण त्यावर बसूनच फोटो काढतात. पाण्यात उतरवल्यावर तोंडं कुठे येतात ते बघून चेंडूचं स्कपर लावायचं की नाही ठरवणार.

मेकॅनिक येऊन बघून गेला, काही बोलला नाही, पाईप कुठून आणला तेवढं विचारलं.

एकच प्रश्न राहिला. ८ इंची गोल झाकण बसवलंय मागच्या कोपऱ्यात, त्यातून पाणी खाली जाणार नाही ना? ते नेमकं जिथे पाणी साचतं तिथेच आलंय, दुसरीकडे खाली टाकी होती.

जर्सीकर:

जाईल, जर झाकणाची ओ-रिंग (रबरी कडी) कोरडी राहिली तर. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, हे ग्रीस चालतं, सीलंटचं सिलिकॉन नाही, गल्लत करू नका. झाकण फिरवण्याआधी आट्यांतली वाळू ब्रशने काढा, वाळूचा एक कण राहिला तरी ते पूर्ण बसत नाही आणि बसलंय असं वाटतं. बसवल्यावर नीळ आहेच तुमच्याकडे, एक बादली ओता आणि खाली बघा.

तांडेल_वेंगुर्ला:

आणि बोट शाकारताना ड्रेनात काडीकचरा जाता कामा नये, झापांचे हीर पडतात आत. वर जाळीचा तुकडा ठेव, पण नारळी पौर्णिमेक बोट उतरवताना काढ तो.